शाबासकी साहेब

शिकलगार साहेबांचा हात आधी पाठीवर पडायचा, मग तोंडातून शब्द निघायचा. हात तरी केवढा! थाप बसली की कपातला चहा हिंदकळायचा. कागलजवळच्या आमच्या फौंड्रीत ते वेल्फेअर ऑफिसर होते, पण त्या नावाने त्यांना कुणी कधी हाक मारली नाही. सगळ्यांचे ते शाबासकी साहेब.

सकाळी पाळी सुरू व्हायच्या आधी ते आम्हाला गेटच्या आत उभं करून हातपाय मोकळे करायला लावायचे. लोखंड ओतणारी माणसं सूर्यनमस्कार घालताना बघून ट्रकवाले हसायचे. साहेबांना त्याचं काही नसे. उन्हाळ्यात भट्टीवर ताक यायला लागलं ते त्यांच्यामुळे, डोळ्यांची तपासणी झाली तीही त्यांनीच मालकांशी भांडून करवून घेतली. "पगार वाढवणं माझ्या हातात न्हाय रं," ते म्हणायचे, "मान तरी देऊ की!"

मग ऑर्डरी कमी झाल्या. पगार रखडू लागले, चांगले कारागीर दुसरीकडे निघाले. मालकांनी साहेबांना बजावलं, माणसं टिकवा, जादा पैसा मागू नका. साहेब कासावीस झाले. त्या घायकुतीत त्यांनी एक योजना काढली. वर्षभर एकही खाडा न करणाऱ्याचा सगळ्यांसमोर सत्कार, घरच्या बाईला साडी आणि गेटवर मोठा फोटो.

भट्टीवरच्या तानाजीने ते फारच मनावर घेतलं. कसबा बावड्याचा अबोल माणूस. त्याचा आजवर कुणी सत्कार केला नव्हता. "फोटो लागला की पोरीला दाखवायला आणणार," असं तो मला एकदा म्हणाला होता. साहेब येता-जाता त्याला थोपटायचे, "वाघ हाय आमचा!"

वर्ष संपत आलं आणि तानाजीला ताप भरला. त्याने कुणाला सांगितलं नाही. गोळी घ्यायचा, यायचा, उभा राहायचा. भट्टीपुढे सगळेच लालबुंद होतात, त्यात ताप कुणाला दिसणार? एका दुपारी तो जागेवरच कोसळला. दवाखान्यात न्यायला साहेबांनी त्याला कंपनीच्या गाडीत घातलं. मीही सोबत होतो. वाटभर त्याचं डोकं मांडीवर घेऊन साहेब बोलत होते, "तानाजी, अरं सुट्टी घ्यायची हुतीस की! मी काय बोललो असतो व्हय तुला?"

तानाजी पुन्हा शुद्धीवर आलाच नाही.

दिवसकार्य झालं आणि मालकांनी ठरवलं, सत्कार ठरल्याप्रमाणे करायचा, साडी तानाजीच्या बायकोला स्टेजवर बोलावून द्यायची. कँटीनमध्ये आमच्या देखत साहेब म्हणाले, "ह्या बक्षिसापायी माणूस गेला. तेच तिच्या हातात देऊ?"

"योजना तुमचीच होती, शिकलगार," मालक म्हणाले.

त्या दिवसापासून साहेबांनी कुणाच्या पाठीवर हात ठेवला नाही. आजारी माणसाला भरपगारी सुट्टी द्या, एवढं एकच मागणं घेऊन ते केबिनीकेबिनीपुढे उभे राहिले. एवढा दांडगा माणूस, पण शेवटी शेवटी आवाज काकुळतीला आलेला असायचा. कुणी हो म्हणालं नाही. सत्कार बारगळला, आणि साहेबांची नोकरीही गेली.

नोकरी गेल्यावरही ते रविवारी तानाजीच्या घरी जायचे. पडवीत घटकाभर बसायचे आणि उठायचे. मलकापूरला आपल्या गावी कायमचं निघून जायच्या आधी एकदा मलाही घेऊन गेले. तानाजीची बायको, सुमनवहिनी, दारातच थांबल्या.

"साहेब, राग न्हाय माझा तुमच्यावर. पर आता येऊ नका."

साहेबांनी पायरीवर ठेवलेला पाय मागे घेतला.

"तुमची मोटारसायकल वाजली की पोरगी दाराकडं पळती," वहिनी म्हणाल्या. "ह्यांची बी तसलीच हुती. बाबा आलं म्हणती."

आत कुठेतरी पोरीचं खेळणं चाललं होतं. साहेबांनी वहिनींना हात जोडले आणि गाडी चालू न करताच ढकलत निघाले. मी मागून हात लावायला गेलो, तर नको म्हणाले. गल्ली संपली, पुढचा चौक गेला, पार डांबरी रस्ता लागला, तरी त्यांनी किक मारली नाही.