एकटीचे तीन आवाज

हॉटेलातले वेटर तिला ‘तिघी’ म्हणायचे. बाई एक, गिटार एक, आणि स्पीकरमधून आवाज मात्र तीन! नवीन गिऱ्हाईक हमखास मान वळवून बघायचं, बाकीच्या दोघी कुठे लपल्यात म्हणून. लपतात कुठल्या? तिच्या पायाशी विटेएवढी एक पेटी असायची, तिच्यात होत्या त्या. माइकची वायर त्या पेटीत, गिटारची वायरही त्याच पेटीत. गिटारवर काय वाजतंय ते पेटी ऐकायची आणि बाईच्याच आवाजातून एक वरचा, एक खालचा असे दोन आवाज काढून जोडीला द्यायची. पायाने खटका दाबला की तिघी, पुन्हा दाबला की एकटी.

ऐकणाऱ्याला मौज वाटते हो. गाणाऱ्याला विचारा! गिटारवर एक बोट भलत्या तारेवर पडलं, की पेटीतल्या दोघी लगेच बेसूर. एखादा सूर लाडाने ओढावा म्हटलं, तर त्या मागून फरफटत यायच्या. खोकायची चोरी, शिंकायची चोरी. एकदा मॅनेजरने विचारलं, “मॅडम, चहा पाठवू?” खटका बंद करायचा राहिला होता. “नको, पित्त होतं,” असं तिघींनी एकदम सांगितलं आणि अख्खं हॉटेल खो खो हसलं. तीही हसली. घरी जाताना मात्र तिला रडू आलं, आणि का ते काही केल्या कळेना.

ही पेटी आली ती तिच्या धाकट्या बहिणीमुळे. आधी त्या दोघीच गायच्या. थोरली गिटार वाजवत गाणं म्हणायची, आणि धाकटी शेजारी उभी राहून त्याला दुसरा आवाज लावायची. मग धाकटीच्या गळ्यात गाठ निघाली, ऑपरेशन झालं, आणि आवाज जो बसला तो बसलाच. “येईल हळूहळू,” डॉक्टर म्हणाले. हळूहळू म्हणजे किती, असं विचारलं तर त्यांनी पुढच्या पेशंटला हाक मारली. ऑपरेशनला आत नेताना धाकटीने ताईचं मनगट घट्ट धरलं होतं.

“ताई, माझी जागा कुणाला देऊ नकोस हं.”

“वेडी आहेस का? कुणाला देणार?” थोरली म्हणाली.

कुणा माणसाला दिली नाही, एवढं खरं.

मॅनेजर तर पेटीवर बेहद्द खूश. पेटी रजा मागत नाही, पेटीला सर्दी होत नाही, पेटी जेवत नाही. थोरलीने एकदा धीर करून विचारलं, “साहेब, आज दोन गाणी पेटीशिवाय म्हणू?”

“लोक तीन आवाज ऐकायला येतात, मॅडम. एक तर सगळ्यांनाच असतो,” तो म्हणाला. संपला विषय!

मग काय, काउंटर आणि काचेची भिंत यांच्या बेचक्यात रोज संध्याकाळी उभं राहायचं. डावा पाय जमिनीवर, उजवा खटक्याशी, दोन्ही बाजूंनी वायरी. पेटीबरोबर जेवढी गाणी बसवली होती तेवढीच म्हणायची, जशी बसवली होती तशीच म्हणायची. नवीन काही सुचलं तर गिळून टाकायचं. तिला गुदमरायला व्हायचं. पण सोडून जावं, तर धाकटीने परत यायचं कुठे? ही जागा तिच्यासाठीच तर अडवून ठेवली होती.

घरी धाकटी न्हाणीघरात नळ सोडून गळा साफ करत बसायची, कुणाला ऐकू जाऊ नये म्हणून. आत काय चाललंय ते शेजारपाजाऱ्यांनाही पाठ झालं होतं, ते सोडा. रात्री जेवताना ती विचारायची, “कशी वाजते गं ती पेटी?”

“पत्र्याच्या डब्यासारखी,” थोरली म्हणायची. “तुझी सर कुठली तिला!”

ती खोटं बोलत होती.

एके दिवशी संध्याकाळी थोरली तारा जुळवत असताना धाकटी हॉटेलात हजर! ठेवणीतले कपडे, केस नीट बांधलेले, डोळे नुसते चमकत होते. “ताई, सकाळी पूर्ण गाणं झालं माझं. मध्ये कुठेही न थांबता. आज म्हणूया ना?”

मॅनेजरने कपाळाला आठ्या घातल्या, पण गिऱ्हाइकांसमोर नाही कसं म्हणणार? “एकच गाणं,” तो म्हणाला.

थोरलीने पेटीचा खटका बंद ठेवला. किती दिवसांनी त्या दोघी एका माइकसमोर गालाला गाल लावून उभ्या राहिल्या! पहिलं कडवं छान गेलं. धाकटीचा आवाज बारीक झाला होता, पण सुरात होता, तिचा होता. थोरलीला वाटलं, सुटलो बाई एकदाच्या.

दुसऱ्या कडव्यात गाणं वर चढलं आणि धाकटीचा आवाज चिरकला. तिने पुन्हा प्रयत्न केला. नुसती हवा आली. समोरच्या टेबलावरच्या बाईने चमचा खाली ठेवून वर बघितलं. धाकटीचा चेहरा पांढराफटक पडला.

तेव्हा थोरलीच्या पायाने खटका दाबला. तिने दाबला म्हणायलाही तिची तयारी नव्हती, पायाने दाबला.

आणि स्पीकरमधून, पेटीतल्या वरच्या आवाजात, धाकटी गायला लागली. ऑपरेशनच्या आधीची धाकटी, गोल आणि भरदार. थोरलीने कितीतरी दिवस त्या पेटीची बटणं फिरवून फिरवून तो आवाज बसवला होता, कारण शेजारी दुसरं कुणी गातंय हे तिला सहनच होत नव्हतं. धाकटीने वर बघितलं. तिचं तोंड तसंच उघडं राहिलं. मग हळूहळू तिचे ओठ हलायला लागले, त्या आवाजाबरोबर. टाळ्या पडल्या, आणि कशा!

मॅनेजर धावत आला. “उद्यापासून दोघी या!”

“साहेब, ती गात नव्हती,” थोरली म्हणाली.

“मला कळलं की. गिऱ्हाइकाला कुठे कळलं? नुसते ओठ हलवले तरी पुष्कळ.”

“नाही. हे असलं चालणार नाही.” इतक्या दिवसांत पहिल्यांदा ती त्याला नाही म्हणाली होती.

धाकटीने तिच्या दंडावर हात ठेवला. “चालेल,” ती बसक्या आवाजात म्हणाली. “नळ सोडून बसण्यापेक्षा इथे तुझ्या शेजारी उभी तरी राहीन. नाही म्हणू नकोस ना, ताई.”

थोरलीने नाइलाजाने मान हलवली. पोरीने जागा मागितली होती, आणि जागाच मिळत होती.

दुसऱ्या दिवशी धाकटीसमोर चकचकीत नवा माइक होता. त्याची वायर कुठेच जोडलेली नव्हती. धाकटी हसतमुखाने उभी राहिली, मान डोलावली, ओठ हलवले. लोक खूश, मॅनेजर खूश. थोरलीला तिच्याकडे बघवेना, आणि बघितल्याशिवाय राहवेना.

पहिलं गाणं संपल्यावर धाकटी तिच्याकडे झुकली.

“ताई, ही पेटीतली जराशी उशिरा का येते गं? माझे ओठ आधीच मिटतात.”

थोरलीने आधी खटका बंद आहे ना ते बघितलं, मग माइक हाताने झाकला.

“तू तशीच यायचीस,” ती म्हणाली. “नेहमी. जरा मागून. म्हणून मीच तसं लावलंय. बदलू का?”

धाकटीने आपला माइक उगाच सरळ केला.

“नको बदलूस,” ती म्हणाली. “मी थांबेन तिच्यासाठी.”

काउंटरवरून मॅनेजरने हात हलवला. थोरलीने गिटार सावरली आणि खटका दाबला.