आमचे आजोबा

आगरदांड्याहून दिघीला जाणाऱ्या फेरीबोटीत एक वयस्कर गृहस्थ माझ्या शेजारी बसले. पांढरी दाढी, कडक इस्त्रीचा सदरा आणि अंगाला असा काही सुगंध, की बोटीतला डिझेलचा वासही मागे हटला. मी तसा भोचक. कुठलं अत्तर म्हणून विचारलं. त्यांनी खिशातून कुपी काढली, बोटीच्या तिकिटावर एक थेंब टाकला, तिकीट हळूच हलवलं आणि माझ्या नाकाशी धरलं.

"आमचंच हाय, साहेब. आमचे आजोबा उंटावरून गुलाबपाणी विकायचे. थोरल्या काकांनी अत्तर राजवाड्यात पोचवलं. कुपीला सोन्याचं झाकण आमच्या आजीनं बसवलं."

मी चक्रावलो. एवढ्या मोठ्या घराण्यातला माणूस रेक्झिनची पिशवी मांडीवर घेऊन इथे कसा?

"कुठे निघालात?"

"घरी, म्हसळ्याला."

"आणि हे उंटवाले आजोबा?"

"ते शेठचे. मी दुबईत त्यांच्या दुकानात काउंटरला होतो, उभी हयात. गिऱ्हाइकाला हीच गोष्ट सांगायची. 'आमचे' म्हणायचं, असंच शिकवलेलं."

माझा गोंधळ मिटेना. "मग तुमचे स्वतःचे आजोबा?"

"ते खलाशी, जहाजावर. त्यांचं नाव..."

ते थांबले. हातातलं तिकीट हलतच राहिलं. बोट दिघीच्या धक्क्याला लागली, मोटारसायकली सुरू झाल्या, लोक उतरू लागले. ते बसूनच.

"थांबा हां, साहेब," ते कसनुसे हसले. "शेठच्या पणजोबांचं पायजे तर लगेच सांगतो."