समासातलं ‘कशावरून?’

मी वाचायला शिकले ती पत्रकांवरून. बाबा दिवसा टपाल कचेरीत नोकरी करायचे आणि संध्याकाळी मीरा रोडच्या आमच्या भागातल्या नागरिक समितीसाठी पत्रकं लिहायचे. पाणी, फुटपाथ, शाळेची फी. जेवणाच्या टेबलावर आई आणि मी घड्या घालायला बसायचो. घडी घालताना मी प्रत्येक पान वाचायचे, आणि छापलेलं आहे म्हणजे खरं आहे, यावर माझा पूर्ण विश्वास होता.

पत्रकांची बाजू मी आजही सोडलेली नाही. ज्याला कुठलंच दार उघडत नाही, त्याच्या हातात निदान एक कागद तरी असावा.

त्यामुळे एम.ए.ला प्रवेश घेतला तेव्हा लिहायला शिकायचं काही उरलंय असं मला वाटत नव्हतं. पहिला निबंध परत आला. समासात पेन्सिलने एकच शब्द पुन्हा पुन्हा लिहिलेला होता: कशावरून? ‘प्रशासन झोपलेलं आहे हे उघड आहे.’ कशावरून? ‘सर्वसामान्य माणूस संतापला आहे.’ कशावरून? मी थेट निबंध तपासणाऱ्या मॅडमच्या खोलीत गेले.

“मॅडम, हे सगळ्यांना माहीत आहे.”

“सगळ्यांपैकी एक जण सांग.”

“तुम्ही नक्की कोणाच्या बाजूने आहात?”

त्या हसल्या. “तुझ्याशी ज्याचं पटत नाही, तोही हे वाचणार आहे. कुठल्या वाक्याला तो पान खाली ठेवेल, तेवढं मी दाखवतेय.”

घरी येईपर्यंत मी धुमसत होते. पण वाक्य डोक्यातून जाईना. आमची पत्रकं आजवर कोण वाचत आलं होतं? ज्यांचं आधीच पटलेलं होतं, तेच.

प्रबंधासाठी मी विषय घेतला भाईंदरजवळच्या मोरवा गावाकडच्या एका बंद पडलेल्या मिठागराचा. खाडीचं पाणी आत घेणारं बांधाचं दार एका बिल्डरने बंद करायला लावलं आणि मिठागर मेलं, असं मी लहानपणापासून ऐकत आले होते. दुसरं प्रकरण मी त्याच वाक्यावर उभं केलं. यावेळी मॅडमना पेन्सिल उचलू द्यायची नाही म्हणून तीन संदर्भही जोडले: एक बातमी, एका स्मरणिकेतला लेख, आणि एका कॉलेजचा प्रकल्प.

मॅडमनी ते पाहिलं आणि विचारलं, “तीन आहेत, छान. हे तिघं एकमेकांना ओळखतात का?”

मला प्रश्न कळला नाही. त्या म्हणाल्या, “प्रत्येकाला हे कुठून कळलं, ते शोधून ये.”

प्रकल्पाच्या शेवटच्या पानावर स्मरणिकेचा उल्लेख होता. स्मरणिकेतला लेख भाईंदरच्या एका निवृत्त गुरुजींचा. त्यांना फोन केला तर म्हणाले, “पेपरात आलं होतं ना.” बातमी लिहिणारे काका बाबांच्या ओळखीचेच निघाले. मी विचारलं तेव्हा त्यांना हसू आवरेना. “अगं, तुझ्याच बाबांनी कागद आणून दिला होता मला.”

कपाटातली फाइल काढली. मिठागराचं ते पत्रक वरच होतं, बाबांचं सगळ्यात गाजलेलं. त्याच्या घड्या मीच घातल्या असणार.

“बाबा, हे तुम्हाला कोणी सांगितलं?”

“सभेत एक जण बोलला होता.”

“कोण?”

“आता आठवत नाही. पण फार तळमळीने बोलत होता.”

प्रबंध द्यायला तीन आठवडे उरले होते. ते वाक्य पडलं तर माझं प्रकरण पडणार होतं, आणि त्याच्यासोबत बाबांचं ते पत्रकही, तेही माझ्या हातून. मॅडमना काहीतरी थातुरमातुर उत्तर देऊन वाक्य तसंच ठेवावं, असं दोन दिवस मनात येत राहिलं. पण दुसऱ्यांच्या खोटेपणावर बोट ठेवायची सवय असलेल्या माणसाला हे जमत नाही.

मी मोरव्याला गेले. त्या मिठागरावर आयुष्य काढलेले एक आजोबा ओटीवर बसले होते. बिल्डरचं विचारल्यावर त्यांनी हात झटकला.

“दार तं आमीच बंद केला. पोरा गेली नोकरीला. आगरान उतराला मानूस न्हाय, मंग पानी घेऊन करू काय?”

घरी येऊन मी बाबांना सगळं सांगितलं. त्यांनी फाइलमधलं पत्रक पुढे ओढलं. मग म्हणाले, “एका म्हाताऱ्याच्या शब्दावर माझं पत्रक पाडतेस? तो खरं बोलतोय, कशावरून?”

मला राग आला, आणि लगेच लक्षात आलं की हा तर मॅडमचाच प्रश्न. पेन्सिल तेवढी नव्हती.

रविवारी आम्ही दोघं शेअर रिक्षाने स्टेशनला आणि तिथून पुढे मोरव्याला गेलो. आजोबांच्या शेजारच्या आजींच्या घरानेही त्याच मिठागरावर काम केलेलं. त्यांनी बाबांना बघताच ओळखलं.

“तुमीच ना ते कागद वाटनारं? एवढा लिवलाव, पन आमाला कदी इचारलाव काय?”

बाबांनी मान खाली घातली. आजी पुढे म्हणाल्या, “दार आमीच लावला, ता खरा हाय. पन बिल्डरचा मानूस त्याच्या आदी दोनदा येऊन गेला, जमीन इकता काय इचारीत. तवापासना कोनाचा मन लागंल मिठान?”

परतताना रिक्षात बाबा म्हणाले, “म्हणजे मी अर्धा तरी बरोबर होतो.”

“दार कोणी लावलं ते चुकलात. बिल्डर आला होता, ते बरोबर.”

“तेच म्हणतोय. अर्धा.”

“ठीक आहे, अर्धे.”

त्यावर ते उरलेला रस्ता खुशीत होते.

मी प्रकरण पुन्हा लिहिलं. दार मिठागर चालवणाऱ्यांनीच बंद केलं, असं दोघांनी सांगितलं. त्यातल्या एकीच्या मते जमिनीची विचारणा त्याआधीच सुरू झाली होती. त्यापुढचं वाक्य लिहायला मला अख्खी दुपार लागली: ‘या दोघांच्या सांगण्यापलीकडे पुरावा मला मिळालेला नाही.’ पत्रकांवर वाढलेल्या मुलीला हे वाक्य शरण गेल्यासारखं वाटतं. मॅडमनी समासात फक्त त्याच वाक्यापुढे बरोबरची खूण केली. मिठागरं जाण्याबद्दलचा माझा राग कमी झालेला नाही. तो कशाबद्दल आहे, हे आता मला न पटणाऱ्या माणसालाही सांगता येतं.

बाबांचं पत्रक मी काढून टाकलं नाही. मिठागराबद्दल त्या काळी लोक काय मानत होते, याचा तो चांगला पुरावा आहे. म्हणून ते तळटीपेत गेलं.

छापून बांधलेला प्रबंध घरी आला तेव्हा बाबांनी आधी ती तळटीप शोधली. चष्मा वर करून दोनदा वाचली.

“हे काय, पुढे ‘तारीख नाही’ असं लिहिलंयस?”

“तुम्ही पत्रकावर तारीख घातलीच नव्हती.”

“मग अंदाजे घालायची.”

“कशावरून?”

आई स्वयंपाकघरातून हसली. बाबांनी प्रबंध मिटला. पण पुढच्याच आठवड्यात बंद पडलेल्या बसफेरीबद्दलचं नवं पत्रक घड्या घालायला टेबलावर आलं, तेव्हा त्याच्या तळाशी तारीख होती, आणि त्याखाली, बस कोणत्या दिवसापासून आली नाही हे ज्यांनी सांगितलं, त्या तीन प्रवाशांची नावं.