झाकणाला चिकटलेला कण

प्रयोगशाळेत त्यांना सगळे बारीकताई म्हणत. ताई अंगानं चांगल्या भरलेल्या; नाव पडलं ते हातातल्या कामावरून. रोग्याच्या शरीरातून काढलेला तुकडा मेणात बसवायचा, यंत्रावर त्याचे केसाहूनही पातळ काप काढायचे, कोमट पाण्यावर तरंगवून काचपट्टीवर अलगद उचलायचे आणि रंगवून डॉक्टरांकडे तपासायला द्यायचे. बावीस वर्षं हेच. सासूबाई मात्र शेजारणींना ठणकावून सांगत, "आमची सून मेणबत्त्यांच्या कारखान्यात आहे."

एका सकाळी आलेल्या बाटलीत नुसतंच औषधी पाणी दिसलं. नव्या डॉक्टरीणबाईंनी ती उजेडात धरली. "रिकामी आहे. पेशंटला परत बोलवायला सांगा."

ताईंनी सोबतचा कागद वाचला. सत्तरीची बाई, तुकडा फुफ्फुसातला. म्हणजे पुन्हा सुई, पुन्हा घरच्यांच्या जिवाला घोर.

"मॅडम, दहा मिनिटं द्या."

"नसलेलं कुठून आणणार तुम्ही?"

"बघते तरी!"

पाणी गाळलं, काही नाही. तळ खरवडला, काही नाही. झाकण उलटं केलं, तर आट्यांत मोहरीच्या अर्ध्याएवढा कण चिकटून बसलेला. मेणात हरवू नये म्हणून ताईंनी त्यावर लाल रंगाचा थेंब सोडला आणि पातळ कागदात जपून गुंडाळला.

दुसऱ्या दिवशी तो कण बसवलेला मेणाचा ठोकळा यंत्रावर चढला. "आता कुणी शिंकलं तर याद राखा!" ताईंनी दम भरला. पहिले दोन काप नुसतं मेण. तिसऱ्यात लाल ठिपका उमटला. त्यापुढचे चार त्यांनी श्वास रोखून उचलले.

डॉक्टरीणबाई बराच वेळ सूक्ष्मदर्शकावरून हलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "कॅन्सर नाही, ताई! क्षय आहे. औषधांनी बरा होईल."

ताई मोठ्यांदा हसल्या.

दुपारी डॉक्टरीणबाई स्वतःच यंत्रापाशी आल्या. "मला शिकवाल?" त्यांचा पहिला काप चुरगळला, दुसरा फाटला. त्या ओशाळल्या.

"अहो, हे काहीच नाही," ताई म्हणाल्या. "माझा पहिला काप माझ्याच श्वासानं उडाला आणि तेव्हाच्या डॉक्टरसरांच्या चष्म्यावर जाऊन बसला. चला, चाक सावकाश फिरवा."