कातरबाईंच्या टेबलावरचे शेहेचाळीस तुकडे

रुग्णालयाच्या तळमजल्यावरच्या प्रयोगशाळेत त्यांना कुणी नावानं हाक मारत नसे. त्या कातरबाई. काम कात्रीचं आणि डिंकाचं, पण शिंप्यानंसुद्धा हात जोडावेत असं. रक्तातल्या पेशी तीन दिवस वाढवायच्या, विभागता विभागता मध्येच थांबवायच्या, काचेवर पसरून सूक्ष्मदर्शकातून फोटो काढायचा. फोटोत विखुरलेली, आडव्या पट्ट्यांची गुणसूत्रं एकेक कापायची आणि जोडीजोडीनं पुठ्ठ्यावर चिकटवायची. तुकडे शेहेचाळीस, जोड्या तेवीस. कापताना पंखा बंद. एकदा एक तुकडा उडाला, तेव्हा डॉक्टरांसकट सगळं खातं फरशीवर रांगत होतं.

जगाच्या जोड्या लावणाऱ्या ह्या बाईंच्या घरी मात्र पाळणा हलत नव्हता. दिवस राहत आणि तिसऱ्या महिन्यात जात. चार वेळा झालं. नवरा घड्याळं दुरुस्त करणारा, मूग गिळून बसणारा. सासू तोंडाची फटकळ. "पोट आहे का गाळणी?" म्हणायची. बारा वर्षं हे ऐकलेली बाई रडत नाही, कात्रीला धार लावत बसते.

शेवटी खात्याच्या डॉक्टरीणबाईच म्हणाल्या, "तुम्हा दोघांचं रक्त द्या बघू. गावाचं तपासतो, घरचं का नको?"

दोन फोटो आले, वर नावं नाहीत, नुसते आकडे. शेवटची जोडी त्या नेहमी मागे ठेवत; बाकी पहिला सरळ जुळला. दुसऱ्यात चौथी जोडी काही केल्या जमेना. एक तुकडा हवा तेवढा, दुसरा आखूड, आणि अकराव्या जोडीत एक उगाच लांब. आपलाच हात चुकला असं वाटून त्यांनी आणखी पाच पेशींचे फोटो कापले. पुन्हा तेच. चौथ्याचं शेपूट अकराव्याला आणि अकराव्याचं छोटंसं शेपूट चौथ्याला जाऊन बसलं होतं. हरवलं काहीच नव्हतं, फक्त अदलाबदल. कातरबाईंनी कपाळाला हात लावला. म्हणजे सासू बोलत होती ते खरंच.

मग त्यांनी शेवटची जोडी लावायला घेतली. तिथे दोन सारखे तुकडे नव्हते. एक लांब होता आणि एक खुरटा. हे रक्त पुरुषाचं होतं.

कातरबाईंना आनंद झाला. लपवण्यात काय अर्थ, झालाच.

डॉक्टरीणबाईंनी पुठ्ठा पाहिला आणि खुर्ची ओढून बसल्या. "बीज तयार होताना प्रत्येक जोडी आधी गळ्यात गळा घालते. आईकडचं आणि बापाकडचं शेजारी शेजारी येतं, आपापसात तुकडे बदलून घेतं, मग दोघांची फारकत. बीजात जोडीतलं एकच जातं, आणि कुठलं जाईल ते कुणाच्या हातात नाही. म्हणून तर एका आईची दोन लेकरं सारखी नसतात. तुमच्या यजमानांच्या ह्या दोन जोड्या तिथेच अडखळतात. कधी बीज चांगलं निघतं, कधी एक तुकडा दुप्पट जातो आणि दुसरा जातच नाही. तसलं मूल टिकत नाही. आशा सोडू नका, चांगलंही निघेल. पण हे त्यांना आईकडून आलं असेल किंवा वडिलांकडून. वडील तर नाहीत. सासूबाईंना घेऊन या."

मुलानं गळ घातली म्हणून सासूबाईंनी रक्त दिलं. आठ दिवसांनी निकाल ऐकायला त्या स्वतः आल्या आणि स्टुलावर अंग चोरून बसल्या.

कातरबाईंनी पुठ्ठा पुढे सरकवला आणि चौथ्या जोडीवर बोट ठेवलं. "हे तुमचं. तुमच्याकडून ह्यांना आलं. माझ्यात काही नाही." बारा वर्षांचं उट्टं तीन वाक्यांत निघालं.

सासूबाईंनी पुठ्ठा जवळ ओढला. "असलं ज्याच्यात असतं, त्याची मुलं जातात?"

"काही जातात. काही राहतात."

"ह्याच्या आधी माझी तीन गेली," सासूबाई म्हणाल्या. घरात हे कुणालाही ठाऊक नव्हतं, मुलालासुद्धा नाही. "तिसऱ्या वेळी मी माळ्यावरची पेटी काढायला शिडी चढले होते गं. दुसऱ्याच दिवशी गेलं. मीच घालवलं असं धरून चालले चाळीस वर्षं."

कातरबाईंच्या ओठांवर अजून पुष्कळ होतं. ते त्यांनी गिळलं. राग गेला नव्हता, पण समोरच्या बाईची त्यांना फार दया आली.

"शिडीनं नाही गेलं, आई. बीजातच ते तसं झालेलं होतं. तुम्ही नऊ महिने पलंगावर पडून राहिला असतात तरी गेलं असतं."

"नक्की?"

त्या गेलेल्या मुलाचं रक्त कुणी पाहिलं नव्हतं, त्याच्या जोड्या कुणी लावल्या नव्हत्या. मोजल्याशिवाय एक तुकडा न चिकटवणाऱ्या कातरबाई सासूकडे सरळ बघत म्हणाल्या, "नक्की."