दाराची दोन सूत फट

बाळकुमला आमच्या जमिनीवर आता टॉवर आहेत. उरली एक शेड, आणि शेडमध्ये बाबांची दोन दारांची जुनी गाडी. आमचं मिठागर चालू होतं तेव्हा बाबा तिच्यातून आम्हालाही फिरवायचे आणि मिठाच्या गोणीही न्यायचे. कित्येक वर्षं ती जागची हलली नव्हती. माझ्या मुलीचं लग्न ठरलं आणि ऐंशीच्या घरातले बाबा हटूनच बसले. "नातीला हॉलवर मीच नेनार. याच गाडीतून. कोनाला हात लावू देनार नाय."

आयुष्यात त्यांनी स्वतःसाठी मागितलेलं एवढंच. मग मी कामाला लागलो. मी बँकेतला माणूस, पण चार व्हिडिओ बघितले की मला वाटतं आपल्याला सगळं येतं. स्वभावच तसला! कल्याणचा एक म्हातारा पत्राकामाचा मिस्त्री शोधलेला. तो गाडी बघून बजावून गेला, "दाराखालचा पत्रा सडलाय, पण मी येईपर्यंत कापू नका. सगळी बॉडी त्याच्यावर उभी आहे. आधी दाराच्या चौकटीत आडवे पाइप वेल्ड करायचे, मग कापायचं."

सोमवारी येतो म्हणाला, आलाच नाही. मंगळवारीही नाही. लग्न दीड महिन्यावर आलेलं आणि हा गृहस्थ फोन उचलेना. माझं डोकं सटकलं. बुधवारी रजा टाकली, ग्राइंडर घेतला आणि दोन्ही बाजूंचा पत्रा कापून टाकला. पाइपबिइप काही नाही. नवा पत्रा वेल्ड केला, स्वतःलाच शाबासकी दिली आणि दार लावायला गेलो. वर दार चौकटीला घासत होतं, खाली दोन बोटं फट. काही केल्या बसेना.

गुरुवारी मिस्त्री उगवला. टेप घेऊन गाडीखाली शिरला. बॉडीखालची लोखंडी फ्रेम एका कोपऱ्यापासून तिरक्या समोरच्या कोपऱ्यापर्यंत मोजली, मग उलट बाजूने. दोन्ही मापं सारखी. "फ्रेम सरळ आहे," तो म्हणाला. "बॉडी मधून बसलीय." माझं वेल्डिंग त्याला दिसतच होतं. तेवढ्यात बाबा शेडच्या दारात आले. "काय झाला रे?"

"मिठाने खाल्लं, बाबा," मी म्हणालो. "त्या गोणींनी. आतून पार पोकळ झालेली." अर्धं खरं होतंच ते. पत्रा मिठानेच सडलेला. पण बॉडी बसली ती माझ्यामुळे. मिस्त्रीने माझ्याकडे पाहिलं आणि टेप गुंडाळली. बाबांनी बॉनेटवरून हात फिरवला आणि ते घरी गेले. नंतर शेडकडे फिरकलेच नाहीत.

मिस्त्रीने माझं सगळं काम कापून काढलं. जॅक लावून बॉडी मधोमध जराजराशी उचलली. दाराची फट वरपासून खालपर्यंत सारखी, दोन सूत म्हणजे पाव इंच झाली, तेव्हा चौकटीत पाइप वेल्ड केले. बॉडी आणि फ्रेमच्या मध्ये जिथे जागा राहिली तिथे पत्र्याच्या चकत्या घातल्या. दारं पुन्हापुन्हा लावून बघितली आणि मगच नवा पत्रा जोडला. लग्नाला आठवडा असताना दार एका बोटाने बंद झालं. मी धावत घरी जाऊन बाबांच्या हातात चावी ठेवली. त्यांनी ती परत दिली.

"नको रे. मीच मारली तिला. पोरीला बसवून काय झाला तर? तूच ने."

तेव्हा तरी सांगायला हवं होतं. दहा वेळा तोंडाशी आलं. लाज वाटली, दुसरं काय!

लग्नाच्या दिवशी गाडी मी चालवली. बाबा मागून पाहुण्यांच्या बसने आले. हॉलच्या दारात व्याह्यांकडची माणसं गाडीभोवती फोटो काढत होती. बाबा काठी टेकत त्यांच्यात शिरले, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि सांगायला लागले, "मी गोनी भरून भरून हिची वाट लावलेली. माझ्या पोरानं वाचवली." व्याही कौतुकाने माझा हात हातात घेऊन हलवत राहिले. मी म्हणालो, "थँक्यू."