आडवं ठेवलेलं स्टूल

"तुझी ताई गावाला गेली," अकोसुआ फोनवर म्हणाली. मी मेडनहेडच्या स्टेशनवर होतो, आणि अर्धा क्षण मला चक्क राग आला... न सांगता कुठे गेली ही? मग लख्ख कळलं. अकोसुआचं माहेर घानातलं कुमासी. अशांती राजांचं जुनं गाव. तिथे राजा मेला असं कुणी म्हणत नाही, गावाला गेला म्हणतात. माझ्या बहिणीला तिने तो मान दिला होता. मी मिळेल त्या गाडीने मँचेस्टरला धावलो. घाई आता कशासाठी होती, कुणास ठाऊक.

ताई तिथल्या एका हॉस्पिटलात भूलतज्ज्ञ होती. लग्न केलं नाही. आई गेल्यावर मला शिकायला इकडे आणलं आणि माझ्या स्वयंपाकाला नावं ठेवत वाढवलं. "अरे, ही आमटी आहे की मॉपचं पाणी?" असं पाहुण्यांसमोर विचारायची. अकोसुआ तिच्या ऑपरेशन थिएटरमधली नर्स. दोघी बरोबरच रिटायर झाल्या आणि लगेच मला घेऊन कुमासीला निघाल्या.

राजवाड्याच्या अंगणात त्या रविवारी दरबार भरला होता. घरासारख्या मोठ्या रंगीत छत्र्या ढोलांच्या ठेक्यावर वरखाली नाचत होत्या. राजाच्या हातात इतकं सोनं, की एक माणूस तो हात खालून धरून बसलेला. "आर्थ्रायटिस नाही तो, सोनं झालंय," ताई माझ्या कानात म्हणाली. मग गंभीर होऊन म्हणाली, "पण हे म्युझियम नाही हं. उद्या ह्याच्यासमोर कुणाचा तरी जमिनीचा तंटा येणार आहे. चालू आहे रे हे सगळं अजून."

संध्याकाळी अकोसुआच्या आईकडे जेवण होतं. ओसरीवर लाकडी स्टुलं आडवी पडलेली दिसली. कोरीव, मधे खोलगट बैठकीची. आपल्याकडचं वळण, पाहुण्याने नुसतं बसून राहायचं नाही. मी एकेक उचलून नीट ओळीत उभं केलं. म्हातारी आतून आली ती ओरडतच. स्टुलात म्हणे माणसाचा जीव वसतो. उठल्यावर ते आडवं करायचं, नाहीतर भटकता आत्मा येऊन बसतो. मी तर अख्ख्या गावच्या भुतांची पंगत मांडली होती! ताई डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. "आपण रिकामा पाळणा हलवू देत नाही ना, तसंच समज," ती म्हणाली. निघताना म्हातारीने तिला एक स्टूल दिलं.

ते मँचेस्टरच्या किचनमध्ये आलं. ताई त्यावर बसून कोथिंबीर निवडायची आणि उठली की न चुकता आडवं करायची. शेवटच्या आजारात तिला उठवत नव्हतं, तर मी भेटायला आलो की विचारायची, "आडवं केलंस ना रे? मी अजून आहे, दुसऱ्या कुणाला बसू देऊ नकोस."

ती गेल्यावर मी तिच्याच घरी राहिलो. भेटायला माणसं येत होती. मराठी माणसं, घरातलं पडलेलं उचलणारी. जो तो स्टूल उभं करायचा आणि मी ते पुन्हा आडवं करायचो. मग माणसं यायची थांबली. घर इतकं शांत झालं, की फ्रिजचा आवाजही सोबतीसारखा वाटू लागला. एका दुपारी मीच ते उभं केलं. भटकता आत्मा येऊन बसतो म्हणे... मग ये ना.

अकोसुआ डबा घेऊन आली तेव्हा तिने ते पाहिलं. ती रागावली नाही. वाकून स्टूल आडवं केलं. "तिला जाऊ दे," म्हणाली. "वाट अडवू नकोस तिची." मी मान हलवली. ती गेटबाहेर पडली आणि मी ते परत उभं केलं. मला तिला जाऊ द्यायचं नाही. लोक म्हणतात काळ हे औषध आहे. मला ते लागू पडत नाही. तिच्याशिवाय मी कुणाचा कोण, हेच मला सांगता येत नाही.

आता घर आवरतो, पण स्टुलावरची धूळ पुसत नाही. कुणी बसलं तर खूण उमटेल म्हणून. रोज सकाळी खाली वाकून, उजेडाकडे तोंड करून बघतो. धूळ सगळीकडे सारखी असते.